१४ मेल गेले, उत्तर आलं एकच

नमस्कार सर,

आम्ही सहा-सात जण संभाजीनगरात वेब डेव्हलपर आहोत. कुणी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायलंय, कुणी चिकलठाण्याच्या छोट्या फर्ममध्ये आहे, एक जण रोज जालन्याहून ये-जा करतो. येत्या जानेवारीत एक दिवसाची वेब प्रोग्रामिंग परिषद घ्यायची ठरवलीय. कॉलेजच्या पोरांसाठी नाही, रोज कोड लिहून पोट भरणाऱ्यांसाठी. १५० लोक येतील असा अंदाज आहे.

गाडं अडलंय ते वक्त्यांपाशी. पुणे, मुंबई, बंगळूरच्या १४ नावाजलेल्या लोकांना मेल केले. १३ जणांचं उत्तरच नाही. एकीनं विचारलं, “विषय कोणता, ऐकणारे कोण आणि प्रवासाचं कसं?” तिला काय लिहायचं यावरून आमच्यातच जुंपलीय. काही जण म्हणतात, एक तरी मोठं नाव पाहिजेच, त्याशिवाय तिकिटं खपायची नाहीत. दुसरे म्हणतात, उद्घाटनाला आमदारसाहेबांना बोलवा, प्रायोजक आपोआप येतील. एका कॉलेजनं हॉल फुकट देऊ केलाय, पण त्यांची २०० मुलं बसवायची अट आहे. भाषणं मराठीत की इंग्रजीत, हा वाद आणखी वेगळाच. आम्ही पाठवलेला मेल सोबत जोडलाय, तो गेला त्या नावांची यादीही. कुठं चुकायलंय?

एक डेव्हलपर, छत्रपती संभाजीनगर

---

नमस्कार.

१३ जणांनी उत्तर दिलं नाही त्याचा विचार नंतर करू. जिनं दिलं, तिचा मेल पुन्हा वाचा. तीन प्रश्न आहेत त्यात, आणि तिन्हींचं उत्तर तुमच्या निमंत्रणात असायला हवं होतं. बाकीच्या १३ जणांच्या मनातही हेच तीन प्रश्न आले असणार. त्यांनी विचारायचे कष्ट घेतले नाहीत, एवढाच फरक.

तुमचा मेल सुरू होतो तो असा: “आदरणीय सर/मॅडम, आपण वेब तंत्रज्ञान क्षेत्रातील अग्रगण्य व्यक्तिमत्त्व आहात. मराठवाड्याच्या ऐतिहासिक भूमीत आयोजित भव्य परिषदेस आपली मोलाची उपस्थिती लाभावी, ही नम्र विनंती.” ही लग्नपत्रिका झाली. पत्रिकेत “उपस्थिती प्रार्थनीय” एवढं पुरतं, कारण पाहुण्यानं येऊन फक्त जेवायचं असतं. वक्त्याला मात्र तीन-चार रविवार घालवून भाषण तयार करायचं असतं, एक-दोन दिवसांची रजा टाकायची असते, घरी सांगायचं असतं. आणि त्या “सर/मॅडम”नं सगळंच उघडं पाडलं. हाच मेल आणखी किती जणांना गेलाय, हे समोरच्याला पहिल्या ओळीतच कळलं. नावाजलेल्या माणसाकडे असे मेल ढिगानं येतात. तो वरून नजर टाकतो आणि पुढं जातो.

तुमच्या जागी मी असतो तर असं लिहिलं असतं. इंग्रजीत पाठवा हवं तर, मजकूर हाच ठेवा. विषय उदाहरणादाखल कॅशिंगचा, म्हणजे एकदा तयार केलेलं पान साठवून पुन्हा पुन्हा वापरण्याचा, घेतलाय:

“नमस्कार. कॅशिंगवरचं तुमचं भाषण आमच्यापैकी तिघांनी पाहिलंय. आमच्याकडचे बहुतेक डेव्हलपर महिन्याला हजार-दोन हजार रुपयांच्या सर्व्हरवर ग्राहकांच्या साइट चालवतात. तेवढ्यात कॅशिंग कुठवर ताणता येतं, यावर ३५ मिनिटं बोलाल का? नंतर १० मिनिटं प्रश्नांना. जानेवारीचा तिसरा शनिवार, छत्रपती संभाजीनगर. समोर साधारण १५० जण असतील, बहुतेकांना ३ ते १० वर्षांचा अनुभव, पीएचपी आणि जावास्क्रिप्टवाले जास्त. येण्या-जाण्याचं तिकीट आम्ही काढू, दोन रात्रींचं हॉटेल आमच्याकडे. मानधन इतकं इतकं, कार्यक्रमानंतर आठ दिवसांत खात्यावर जमा. रेकॉर्डिंग तुम्ही हो म्हणालात तरच. आमची ही पहिलीच परिषद आहे. या महिनाअखेरपर्यंत हो किंवा नाही कळवलंत तर बरं होईल. जमणार नसेल, तर या विषयावर चांगलं बोलेल असं एखादं नाव सुचवाल का?”

शेवटचा प्रश्न गाळू नका. नाही म्हणताना माणूस जरा ओशाळतो आणि त्या भरात चांगलं नाव देऊन जातो. पुण्याच्या किंवा बंगळूरच्या कुणा मोठ्या माणसानं “माझ्या टीममधल्या अमकीला विचारा” असं सांगितलं, तर ती अमकी त्याच्यापेक्षा चांगलं बोलण्याचीही दाट शक्यता असते. रोज हात कोडमध्ये तिचेच असतात. मोठा माणूस एव्हाना मीटिंगांमध्ये अडकलेला असतो.

“पहिलीच परिषद आहे” हे लपवायचं कारण नाही. “भव्य” लिहिलं की मात्र संशय येतो.

पैशांचं आधीच सांगा. मानधन देणं परवडत नसेल तर “मानधन देता येणार नाही” असं सरळ लिहा. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या वर्डकॅम्प परिषदांमध्ये वक्त्यांना मानधन मिळत नाही. मुंबई, पुणे, नाशिक सगळीकडे तोच नियम आहे, आणि तो आधीपासून माहीत असल्यामुळे कुणाचा रुसवा नसतो. “ते आपण बघू नंतर” असं म्हटलंत तर माणूस दुखावतो. टीडीएस कापणार असाल तर तेही आधी कानावर घाला. आणि तिकीट स्वतः काढा. वक्त्यानं खिशातून पैसे घालायचे, बिलं जपायची आणि मग महिनाभर तुमच्या खजिनदाराच्या मागे लागायचं, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. अशा ठिकाणी माणूस दुसऱ्यांदा येत नाही, आणि चार जणांना सांगतो ते वेगळंच.

आता भांडणाकडे. मोठं नाव पाहिजे म्हणणाऱ्यांची अडचण मला कळते. तिकीट खपायला पोस्टरवर काहीतरी लागतं. पण तुमचा श्रोता कोण आहे ते बघा. सात-आठ वर्षं काम केलेला डेव्हलपर शनिवार मोडून, पैसे भरून येणार, तर “सोमवारी माझ्या कामात याचा काय उपयोग?” हे तो आधी बघणार. नाव बघून येणारे फोटो काढून दुपारच्या जेवणानंतर गायब होतात.

शिवाय नाव पुष्कळदा भाषणानंतर होतं. प्रोग्रामर रायन डाल यांनी २००९ मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फ या जावास्क्रिप्ट परिषदेत सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड.जेएस मांडलं तेव्हा ते काही मोठं प्रस्थ नव्हते. त्या भाषणानं ते जगाला माहीत झाले. २०१८ मध्ये त्याच परिषदेत उभं राहून त्यांनी नोडमधल्या आपल्याला खटकणाऱ्या दहा गोष्टी सांगितल्या आणि त्याला पर्याय म्हणून डेनो दाखवलं. रिअ‍ॅक्ट ही पानाचे भाग रचायची जावास्क्रिप्ट लायब्ररी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या जेएसकॉन्फमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हा जावास्क्रिप्टमध्येच मार्कअप, म्हणजे पानाचा आराखडा, लिहायचं म्हटल्यावर कित्येकांनी नाकं मुरडली. २००९ आणि २०१३, दोन्ही वेळी लोकांच्या लक्षात राहिला तो विषय. पोस्टरवर त्या नावांनी एकही तिकीट जास्त खपलं नसतं.

म्हणून आधी एक संध्याकाळ सगळे एकत्र बसा आणि नावं न घेता विषय लिहून काढा. गेल्या वर्षभरात तुमच्या कामात कुठं घाम फुटला? साइट कधी बसली? कोणतं काम अंदाजाच्या तिप्पट लांबलं? त्यातून १५-२० विषय सहज निघतील. त्यातले आठ घ्या आणि मग प्रत्येक विषयापुढे माणूस शोधा. हा क्रम उलटा केला की “सर, तुम्हाला आवडेल त्या विषयावर बोला” असं लिहावं लागतं, आणि मग सर आपलं तीन वर्षांपूर्वीचं, सगळीकडे फिरवून झालेलं भाषण घेऊन येतात.

विषय शोधायला फार लांब जाऊ नका. लातुरात कोचिंग क्लासच्या ऑनलाइन टेस्टचं सॉफ्टवेअर सांभाळणारं कुणीतरी असणारच. सकाळी ठरलेल्या मिनिटाला हजारो पोरं एकदम लॉगिन करतात, आणि पेपर उघडला नाही तर पालकांचे फोन थेट मालकाला जातात. असा ट्रॅफिक दिवसभर पसरत नाही, एका क्षणी भिंतीसारखा अंगावर येतो. रांग कशी लावली, प्रश्नपत्रिका आधीच ब्राउझरमध्ये कशी उतरवून ठेवली, उत्तरं नेटवर्क गेल्यावर कुठं साठवली, हे त्या माणसानं ३५ मिनिटं सांगितलं तर बंगळूरचा माणूससुद्धा वही काढेल. बाजार समितीतले सोयाबीन-तुरीचे भाव शेतकऱ्याच्या फोनवर दाखवणारा, नवरात्रात तुळजापूरच्या दर्शनाच्या गर्दीशी संबंधित काही बनवलेला, पैठणच्या विणकराची पैठणी ऑनलाइन विकून देणारा: ही माणसं कोणत्याही परिषदेच्या यादीत सापडणार नाहीत. तुम्हीच शोधली पाहिजेत.

आणि एक विषय असा आहे, ज्यावर आपल्याच लोकांनी बोलायला हवं. “शेतकऱ्यांचा” हा शब्द घ्या. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत युनिकोडमधलं (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकातलं) ०९३१ क्रमांकाचं ऱ हे अक्षर आणि हलन्त. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. तलाठ्यानं एका कीबोर्डवर नोंद केली आणि तुम्ही दुसऱ्यावर शोधलंत, की “नोंद सापडली नाही”. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे सारखी रूपं एक करण्याची प्रक्रिया, चालवूनही ही दोन रूपं एक होत नाहीत. त्यासाठी नियम तुम्हालाच लिहावा लागतो. जावास्क्रिप्टला “क्षि” ची लांबी विचारा, ते ४ सांगेल (क, हलन्त, ष आणि वेलांटी). मजकूर अक्षरांत तोडणारं इंटल.सेगमेंटर वापरून अक्षरं मोजलीत तर जुना ब्राउझर दोन म्हणेल आणि नवा एक, कारण जोडाक्षरं एकत्र धरण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ ला आला. नंबर फंक्शनला “१२” दिलंत तर नॅन, म्हणजे “हा आकडाच नाही” असं उत्तर मिळतं. सरकारी फॉर्म, पतसंस्था, शाळांचे निकाल यांवर काम करणाऱ्या प्रत्येकानं हे भोगलंय, पण एका जागी बसून कुणी सांगितलेलं नाही. यावर बोलणारं माणूस तुमच्या त्या सहा-सात जणांतही असेल.

दुसरी खाण पुण्यात आहे. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथं बीड, परभणी, लातूर, धाराशिवची किती पोरं-पोरी आहेत ते तुम्हाला सांगायला नको. आई-वडील गंगाखेडला आणि नोकरी हिंजवडीत. त्यांना शनिवारी संभाजीनगरात बोलवलंत तर रविवारी घरी जाऊन येता येतं, हे त्यांच्यासाठी मोठं आमिष आहे. फक्त “आपल्या मातीसाठी एवढं करा” असं म्हणून फुकटात बोलवू नका. मातीचं प्रेम त्यांना आहे, म्हणूनच त्यांना ते विकू नये.

सगळी आठ माणसं स्वतः निवडू नका. निम्म्या जागा निमंत्रणाच्या आणि निम्म्या खुल्या ठेवा. एक फॉर्म काढा, सहा-आठ आठवडे उघडा ठेवा: विषय, चार ओळींत सार, हे कुणासाठी आहे, कोणत्या भागाला किती मिनिटं, आणि प्रवासखर्चाची मदत लागेल का. बस्स. “तुमचे पुरस्कार”, “लिंक्डइनवरचे फॉलोअर” असले रकाने नकोत. २००९ पासून चालू असलेल्या पायकॉन इंडिया या पायथॉनवाल्यांच्या परिषदेत भाषणं अशाच प्रस्तावांतून येतात आणि प्रस्ताव सगळ्यांना वाचता येतात. तुमच्याकडे मात्र पहिल्या फेरीत नावं झाकून वाचा. आपल्याकडे सगळे सगळ्यांना ओळखतात. नाव दिसलं की “अरे, हा आपला तो” सुरू होतं.

प्रस्ताव वाचताना एक खूण लक्षात ठेवा. “रिअ‍ॅक्ट: एक ओळख” असं कुणी पाठवलं तर ते प्रेमानं बाजूला ठेवा, तुमच्या श्रोत्याला ओळख झालेली आहे, बहुतेकांचं भांडणही होऊन गेलंय. “आमचं ॲप सात-आठ हजारांच्या फोनवर का अडखळत होतं आणि आम्ही त्यातून काय काय काढून टाकलं” असं कुणी पाठवलं तर त्याला लगेच फोन करा. मार्च २०२४ पासून गूगलच्या कोअर वेब व्हायटल्समध्ये, म्हणजे साइट किती चपळ आहे याच्या मोजमापांत, एफआयडी हे माप जाऊन आयएनपी आलंय, म्हणजे आता पहिल्याच नव्हे, पानावरच्या सगळ्या टॅपना मिळणाऱ्या प्रतिसादाचा हिशोब लागतो. स्वस्त फोनवर तो कुठं फसतो, याचे आकडे घेऊन येणारा माणूस सोन्याचा.

बायकांबद्दल एक गोष्ट, कारण तुमच्या १४ जणांच्या यादीत मला दोनच बाया दिसल्या. उत्तर देणारी त्यांतलीच एक. यादी करतानाच निम्मी नावं बायकांची काढा, शेवटी “एक तरी महिला हवी” म्हणून पळापळ नको. आणि बोलावलंत तर डेटाबेसवर बोलवा, सुरक्षेवर बोलवा, सीएसएसवर बोलवा. बारा वर्षं बॅकएंड लिहिणाऱ्या बाईला “आयटीतील महिलांपुढील आव्हाने” या चर्चासत्रात बसवायचं, हा प्रकार बंद झाला पाहिजे. त्यांच्या मेलमध्ये दोन ओळी जास्त लिहा: रात्रीच्या गाडीनं आलात तर स्टेशनवर कोण घ्यायला येईल, आणि सोबत लहान मूल किंवा घरचं कुणी असेल तर खोलीची सोय कशी आहे. खरं तर ही माहिती सगळ्यांनाच द्यावी.

आमदारसाहेबांचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे: नको. त्यांच्याशी माझं वाकडं नाही, पण त्यांच्या दिवसाचं वेळापत्रक तुमच्या हातात नसतं. साडेनऊचं उद्घाटन साडेअकराला होतं, मग दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग व्यासपीठावरच्या प्रत्येकाची शाल आणि श्रीफळ, मग “तंत्रज्ञान आणि आजचा युवक” यावर दोन मार्गदर्शनपर भाषणं. पुण्याहून पहाटे निघून आलेल्या वक्त्याला पहिल्याच सत्रात “जरा वीस मिनिटांत आटपा” अशी चिठ्ठी जाते. प्रायोजकाला साहेबांसोबतचा फोटो हवाच असेल तर आदल्या संध्याकाळी वेगळा छोटा कार्यक्रम करा. वक्त्यांचा सत्कारही टाळता आला तर टाळा. आठ वक्ते, प्रत्येकाची पाच मिनिटं, म्हणजे एका अख्ख्या भाषणाची वेळ शालींमध्ये गेली. त्या पैशांत मानधन वाढवा.

प्रायोजकाला चहाच्या जागी टेबल द्या, हवं तितकं मोठं बॅनर द्या. भाषणाची जागा विकू नका. विकायचीच वेळ आली तर वेळापत्रकात त्यापुढे “प्रायोजित” असं ठळक छापा. श्रोते ते सहन करतात. न सांगता विकलेलं त्यांना तिसऱ्या मिनिटाला कळतं.

कॉलेजच्या हॉलचा मोह मोठा आहे, पण हिशोब करून बघा. १५० डेव्हलपर आणि २०० सेकंड इयरची मुलं म्हटल्यावर हॉल मुलांचा झाला. ज्यानं डेटाबेस शार्डिंगवर (डेटा अनेक सर्व्हरवर वाटून ठेवण्यावर) तयारी केलीय त्याला समोर बघून जागेवरच “डेटाबेस म्हणजे काय” पासून सुरुवात करावी लागेल, आणि पैसे भरून आलेला माणूस घड्याळ बघेल. प्राचार्यांना सांगा: शनिवारी २० मुलं, तुम्ही निवडलेली, मागच्या रांगेत, बाकीच्यांसाठी रविवारी सकाळी आम्ही वेगळी कार्यशाळा घेऊ, एक-दोन वक्तेही थांबतील. नाही म्हणाले तर भाड्याचा हॉल बघा. काहीही झालं तरी वक्त्याला समोर कोण बसणार हे खरं खरं कळवा. तुमच्या त्या बाईंनी हाच प्रश्न विचारलाय, यावरून त्या भाषण गांभीर्यानं घेतात हे दिसतं. त्यांना आजच उत्तर टाका.

तारखेचं बरं केलंत. एप्रिल-मेत इथं कुणाला बोलवणं म्हणजे शिक्षाच. जानेवारीतही लग्नतिथी बघून घ्या, नाहीतर हॉल आणि हॉटेलच्या खोल्या दोन्ही वऱ्हाडाकडे जातील. निमंत्रणं तीन-चार महिने आधी गेली पाहिजेत. मोठ्या कंपनीतल्या माणसाला बाहेर बोलायला कंपनीची परवानगी लागते, स्लाइड कायदा विभागाकडून तपासून घ्याव्या लागतात, आणि त्यात आठवडेच्या आठवडे जातात. डिसेंबरात विचाराल तर त्याला यावंसं वाटलं तरी येता यायचं नाही.

प्रवासाची माहिती मेलमध्ये तयार द्या, “या, सोय होईल” असं नको. मुंबईहून वंदे भारत आहे, ती आधी जालन्यापर्यंत होती आणि २०२५ पासून नांदेडपर्यंत जाते. तपोवन आणि देवगिरी तर जुन्याच. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, त्यामुळे नागपूरकर आणि मुंबईकर दोघांनाही गाडीनं येणं सोपं झालंय. पुण्याहून अहिल्यानगरमार्गे साधारण २३५ किलोमीटर. पाच तास धरा आणि गाडी तुम्हीच ठरवून द्या. बंगळूरच्या माणसाला विमानाच्या वेळा तुम्ही बघून सांगा, त्याला शोधायला लावू नका.

आणि वेरूळचं लालूच जरूर दाखवा. कैलास लेणं बघायला मिळणार म्हटल्यावर हो म्हणणारे मी पाहिलेत. शनिवारी परिषद, रविवारी वेरूळ, शहरापासून तासाभरात. कुणी सोमवारी अजिंठा म्हणालं तर अडवा: सोमवारी अजिंठा बंद असतं आणि मंगळवारी वेरूळ. दारापर्यंत नेऊन परत आणलेला पाहुणा ते जन्मभर सांगतो. शनिवारी रात्री वक्त्यांना हॉटेलच्या पनीरऐवजी एखाद्या शेतावर हुरड्याला न्या, हंगामच आहे. तिथल्या गप्पांतून पुढच्या वर्षीचे दोन विषय नक्की निघतील.

भाषेचा वाद मिटवायची गरजच नाही. वक्त्याला ज्या भाषेत नीट सांगता येतं त्या भाषेत सांगू द्या, आणि वेळापत्रकात प्रत्येक भाषणापुढे भाषा लिहा. स्लाइड इंग्रजीत आणि बोलणं मराठीत, हे आपण ऑफिसात रोज करतोच. मराठी न येणारे वक्ते दोन-तीन असतील तर इंग्रजी भाषणं सलग ठेवा. एक पथ्य मात्र पाळा: प्रश्न कोणत्याही भाषेत विचारायची मुभा द्या आणि गरज पडली तर निवेदकानं तो वक्त्याला समजावून सांगावा. आपल्याकडे चांगले प्रश्न इंग्रजीच्या भीतीनं घशातच अडकतात.

नव्या वक्त्यांची दोन आठवडे आधी व्हिडिओ कॉलवर तालीम घ्या. तालमीत “छान झालं” म्हणू नका; कुठं झोप आली ते सांगा. लाइव्ह कोडिंग करणार असतील तर अक्षर एवढं मोठं हवं की शेवटच्या रांगेतून वाचता यावं, आणि काळी थीम नको, प्रोजेक्टरवर ती चिखल दिसते. हॉलच्या इंटरनेटवर विसंबणारा डेमो असेल तर तोच डेमो रेकॉर्ड करून लॅपटॉपवर ठेवायला सांगा. जनरेटर आहे का ते विचारून भागत नाही, तो चालू करून बघा.

फॉर्म भरलेल्या प्रत्येकाला उत्तर द्या, नकार असला तरी. प्रस्तावातला एक भाग का आवडला किंवा कुठं कमी पडला हे एका ओळीत लिहा. नांदेडहून किंवा हिंगोलीहून पहिल्यांदाच प्रस्ताव पाठवणारा गप्प बसवला गेला तर तो पुन्हा पाठवणार नाही, आणि पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा बंगळूरकडे तोंड करून बसाल.

राहिली ऐनवेळी गळणाऱ्यांची गोष्ट. आठांतला एक तरी गळतो. पोर आजारी पडतं, रिलीज पुढं ढकललं जातं, बॉस रजा नाकारतो. त्यासाठी नववं भाषण तयार ठेवा, शक्यतो गावातल्याच कुणाचं. तुम्ही राखीव आहात, हे त्याला निवडीच्या दिवशीच स्पष्ट सांगा, तालीम सगळ्यांसारखीच घ्या, आणि बोलायची वेळ आली नाही तरी मानधन पूर्ण द्या.